बसायला जागा

बायकांना बाजाराचं भारी वेड, असं पुरुषमंडळी नेहमी म्हणतात. म्हणोत बापडे! बचत गटातल्या आम्ही आठजणी हदगावहून पुण्याला गेलो, तेव्हा शनिवारवाडा तासाभरात उरकला. पण तुळशीबागेत दुपार कधी सरली ते कळलंसुद्धा नाही.

तुळशीबाग ही मुळात राममंदिराची जागा. पेशवाईतले सरदार नारो आप्पाजी खिरे यांनी अठराव्या शतकात हे मंदिर बांधलं आणि त्याच्या आसऱ्याने बाजार वाढला. पूजेच्या पितळी उपकरण्यांपासून भातुकलीच्या भांड्यांपर्यंत इथे काय मिळत नाही? देवदर्शन आणि खरेदी एकाच फेरीत! घराबाहेर पडायला बाईला निमित्त लागायचं, त्या काळात हा केवढा विसावा असेल.

जवळच महात्मा फुले मंडई. अष्टकोनी मनोऱ्याची ही दगडी इमारत 1886 सालची. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला आधी रे मार्केट म्हणत. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या खर्चाला विरोध केला होता. तोच पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव मिळालं! भिंती उभ्या राहतात, पण माणसाचं काय, हा त्यांचा प्रश्न आजही प्रत्येक बाजारात विचारावा असा आहे.

दुसऱ्या दिवशी मॉल पाहिला. गार हवा, सरकता जिना, स्वच्छ स्वच्छतागृह, बसायला बाक. सगळी सोय गिऱ्हाइकाची. काउंटरमागच्या पोरी मात्र ताटकळत उभ्या. केरळमध्ये दुकानांत काम करणाऱ्या बायका याच त्रासाविरुद्ध एकत्र आल्या, लढल्या. 2018 साली तिथे कायदा बदलला आणि कामगारांना बसायची सोय देणं मालकांना बंधनकारक झालं. 2021 साली तमिळनाडूनेही तेच केलं. साधी खुर्ची, पण तिच्यासाठीसुद्धा लढावं लागतं.

आता आपल्या आठवडी बाजाराकडे बघू या. खेड्यावरून पाटी घेऊन आलेली मावशी फडकं अंथरून माळव्याचे वाटे लावते. डोक्यावर ऊन. दिवसभर पाणी बेतानेच पिते, कारण जायचं कुठे? आणि आपण मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्याने मोजतो, तिच्याशी मात्र दोन रुपयांसाठी घासाघीस करतो.

मैत्रिणींनो, या मावशीसाठीही कायदा आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्रेत्यांची पाहणी करून त्यांना प्रमाणपत्र द्यायचं असतं आणि ती पाहणी पुरी होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. नगरपालिकेच्या गावात फेरीवाल्यांची समिती हवी. तिच्यात निदान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. म्हणजे जागा कुठे, सावली कुठे, स्वच्छतागृह कुठे, हे ठरवताना मावशीलाही बोलता येतं. पण हे तिला सांगणार कोण?

आपणच. पुढच्या बाजारी मेथीची जुडी घेताना भाव जरूर विचारा. सोबत एवढंही विचारा, "मावशी, प्रमाणपत्र काढलंय का?" नसेल, तर दोघी-तिघी मिळून तिच्यासोबत नगरपालिकेत जा. एकटीचा अर्ज फायलीत पडून राहतो. चौघी समोर उभ्या राहिल्या की साहेबही खुर्ची पुढे करतात!