पऱ्हाटीचं खत कुंडीत टाकताय? मूठभर डीएपीनं अडेनियमचं झाड जातं!

यवतमाळ : जिल्ह्यात आता गावोगावी घरासमोरच्या ओट्यावर अडेनियमची कुंडी दिसू लागली आहे. खाली कांद्यासारखा फुगलेला बुंधा, वर कण्हेरीसारखी गुलाबी-लाल फुलं. पाणी कमी लागतं, ऊन सोसतं. त्यामुळे आपल्याकडच्या 44-45 अंशाच्या उन्हाळ्यातही हे झाड टिकतं. नर्सरीतून आणलं तेव्हा फुलांनी भरलेलं असतं. वर्षभरानं मात्र फुलं येत नाहीत. मग घरातलं कुणी तरी म्हणतं, "कोठीत डीएपीची बॅग फोडलेलीच आहे, टाका मूठभर." आठ-पंधरा दिवसांत पानं गळतात, बुंधा मऊ पडतो अन् झाड हातचं जातं. चूक झाडाची नाही, मापाची आहे.

हिशेब समजून घ्या

एका एकरात 43,560 चौरस फूट जागा असते. 50 किलोची एक बॅग एकरभर सारखी पसरली, तर एका चौरस फुटाला साधारण सव्वा ग्रॅम खत येतं. 8 इंची कुंडीचं तोंड एक तृतीयांश चौरस फुटाच्या आसपास. म्हणजे शेताच्या हिशेबानं त्या कुंडीच्या वाट्याला अर्धा ग्रॅमही येत नाही. मूठभर डीएपी मात्र 40 ते 50 ग्रॅम भरतं. हा ढोबळ हिशेब धरला तरी डोस शंभरपट झाला!

शेतात जादा खत पावसानं वाहतं, खोल झिरपतं, बाजूला पसरतं. कुंडीत ते जाणार कुठं? रासायनिक खत म्हणजे क्षारच. मातीत क्षार वाढले की मुळं पाणी ओढू शकत नाहीत, उलट मुळातलंच पाणी बाहेर खेचलं जातं. लोणच्याच्या फोडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, तसंच. जळालेली मुळं ओल्या मातीत सडतात अन् सड बुंध्यापर्यंत चढते.

युरियानं पानं, फुलं नाहीत

युरियात 46 टक्के नत्र असतं. नत्र जास्त झालं की पऱ्हाटी कशी माजते, उंच होते अन् पात्या-बोंडं कमी लागतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. अडेनियमचंही तेच होतं. लांब, लुसलुशीत फांद्या निघतात, फूल येत नाही. त्यामुळे युरिया या कुंडीपासून लांबच ठेवा.

मग द्यायचं काय?

फवारणीसाठी आणलेलं 19:19:19 हे विद्राव्य खत बहुतेक घरी असतंच. यात नत्र, स्फुरद, पालाश सारखं असतं. पऱ्हाटीवर फवारायच्या मापानं मात्र ते देऊ नका. कुंडीसाठी 1 लिटर पाण्याला फक्त 1 ग्रॅम. चहाचा सपाट चमचा साधारण 5 ग्रॅमचा, म्हणजे 5 लिटर पाण्यात एक चमचा. 8 इंची कुंडीला या पाण्यातलं अर्धा लिटर पुरतं. पंधरा ते वीस दिवसांतून एकदाच.

- कोरड्या मातीत खत देऊ नका. आदल्या दिवशी साधं पाणी द्या, दुसऱ्या दिवशी खताचं.
- उन्हाळ्यात खताचं पाणी संध्याकाळीच द्या.
- कळ्या धरायच्या वेळी एक-दोन वेळा 19:19:19 ऐवजी 0:52:34 याच मापानं चालतं.
- नवीन कुंडीत लावलेल्या झाडाला महिनाभर काहीच देऊ नका.
- मापाचा चमचा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

रासायनिक नको असेल तर गांडूळ खत चांगलं. दीड-दोन महिन्यांतून एक मूठ, वरच्या मातीत मिसळून द्या. ही मूठ चालते, कारण त्यात क्षार कमी असतात. शेणखत असेल तर पूर्ण कुजलेलंच घ्या. उकिरड्यावरचं ताजं शेण टाकलं तर उष्णता अन् किडे, दोन्ही होतात.

कोणत्या महिन्यात काय?

फेब्रुवारी अखेर-मार्च : नवी पानं फुटली की खत सुरू करा. फूल फांदीच्या शेंड्याला येतं, म्हणून लांबलेल्या फांद्या याच वेळी छाटा. जितके शेंडे, तितकी फुलं.

एप्रिल-मे : पाणी वाढवा. खत ठरल्याप्रमाणे.

जून-सप्टेंबर : मृगाचा पाऊस लागला की कुंडी पत्र्याखाली घ्या, पण उजेड हवा. माती सुकली तरच पाणी अन् महिन्यातून एकदाच खत.

ऑक्टोबर : शेवटचा हप्ता.

नोव्हेंबर-जानेवारी : थंडीत झाड झोपतं, पानं गळतात. घाबरू नका. या काळात खत बंद, पाणीही अगदी थोडं. झोपलेल्या झाडाला खत घालणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या तोंडात घास कोंबणं.

खताआधी ऊन आणि माती

रोज पाच-सहा तास ऊन मिळत नसेल तर कोणतंही खत फूल आणत नाही. दुसरं म्हणजे आपली काळी माती. ती पऱ्हाटीला सोनं, पण अडेनियमला जड, कारण पाणी धरून ठेवते. अर्धी जाडी रेती किंवा विटांची चुरी, पाव भाग माती, पाव भाग कुजलेलं खत, असं मिश्रण करा. कुंडीच्या बुडाला छिद्र हवंच. बोअरचं पाणी खारं असेल तर मातीवर पांढरा थर जमतो. तो खरवडून काढा अन् पावसाचं पाणी भरपूर ओतून क्षार धुऊन काढा.

जास्त पडलंच तर?

दाणे दिसत असतील तर लगेच वेचा. मग बुडातून वाहील इतकं साधं पाणी तीन-चार वेळा द्या. त्यानंतर माती सुकेपर्यंत पाणी बंद. बुंधा दाबून पाहा. माती कोरडी अन् बुंधा सुरकुतलेला असेल तर झाड तहानलेलं आहे. माती ओली अन् बुंधा मऊ, काळपट असेल तर सड लागली आहे. झाड उपटून सडका भाग स्वच्छ चाकूनं पांढरा गर दिसेपर्यंत कापा. आठवडाभर सावलीत सुकवा अन् नव्या कोरड्या मिश्रणात लावा.

चीक विषारी, औषधाचे डबे घातक

अडेनियम हे कण्हेरीच्याच कुळातलं झाड. त्याच्या चिकात हृदयावर परिणाम करणारं विष असतं. आफ्रिकेत हा चीक बाणाच्या टोकाला लावत. छाटल्यावर हात साबणानं धुवा. छाटलेल्या फांद्या बकरीपुढे टाकू नका, लहान लेकरांच्या हाताला येऊ देऊ नका.

झाडावर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर कपाशीचं कीटकनाशक घरात फवारू नका. साबणाच्या पाण्यात कापड बुडवून पुसलं तरी भागतं. 2017 च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेनं याच जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. ते सगळं मोकळ्या शेतात घडलं होतं, ओट्यावर तर लेकरं खेळतात. कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्याची कुंडी करू नका, त्यानं पाणीही घालू नका.

अडेनियमचं झाड उपाशी राहून सहसा मरत नाही, जास्त खाऊन मरतं. म्हणून मूठ नाही, चमचा. अन् तोही पाच लिटर पाण्यात!