एक मीटरची नौका आणि तिचा कायदा

दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात उभी असलेली, पितळी कठडे आणि रंगविलेल्या खिडक्या मिरविणारी शिडाची नौका पाहून जो मनुष्य असे समजतो की, हिच्या पोटात एक बिनतारी यंत्र बसविले म्हणजे शर्यतीची नौका सिद्ध झाली, तो निसर्गाच्या एका साध्या पण निष्ठुर हिशेबाकडे दुर्लक्ष करीत असतो. मोठ्या नौकेची दहाव्या हिश्शाची प्रतिकृती केली, तर तिला आडवी पाडणारा वाऱ्याचा जोर, तो शिडाचे क्षेत्रफळ आणि उंची यांच्या गुणाकारावर अवलंबून असल्यामुळे, हजारपटीने घटतो. परंतु तिला सावरून धरणारा जोर वजन आणि तरफेची लांबी यांच्या गुणाकाराने ठरत असल्यामुळे दहा हजारपटीने घटतो, आणि वारा तर प्रतिकृतीकडे पाहून आपला वेग कमी करीत नाही. म्हणून हुबेहूब प्रतिकृती पहिल्याच बऱ्यापैकी झुळकीला कलंडते, आणि जी खरोखर धावते तिच्या तळाला, तिच्या अंगलटीला न शोभेल इतका खोल व अरुंद पाता असून त्याच्या टोकाशी शिशाचा लांबट गोळा लटकलेला असतो. कपाटात ती बेडौलच दिसेल.

असल्या नौका तळ्यात सोडण्याचा छंद मात्र बराच जुना आहे. लंडनच्या केन्सिंग्टन उद्यानातील राउंड पाँडवर बिनतारी नियंत्रण येण्याच्या कितीतरी आधी नौका धावत असत. त्या काळी सुकाणूला शिडाशी किंवा वातदर्शकाशी जोडून नौका सोडून द्यावयाची आणि काठी हातात घेऊन काठाकाठाने तिच्यामागे पळावयाचे, असा प्रघात होता. अमेरिकेतील मार्बलहेड गावी १९३० साली, ५० इंच लांबी आणि ८०० चौरस इंच शीड या दोन मुख्य अटींवर जो वर्ग निर्माण झाला, तो आजही चालू आहे. परंतु अटी थोड्या ठेवण्याच्या त्या औदार्याचा परिणाम असा झाला की, पुढे कार्बन तंतूंचे युग अवतरल्यावर ज्याची थैली जड त्याची नौका हलकी, असा प्रकार बोकाळला. यावर तोडगा म्हणून १९८८ साली ‘इंटरनॅशनल वन मीटर’ या वर्गाचा मसुदा अमलात आला. क्रीडाक्षेत्रातील कायदेकानूंत इतका शहाणा मसुदा प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात दुसरा नाही.

त्याची कलमे पाहावी. एकंदर लांबी १००० मिलिमीटरच्या आत आणि पाण्यातील खोली ४२० मिलिमीटरच्या आत असावी. सर्व सरंजामासह वजन ४ किलोग्रॅमहून कमी नसावे. त्यांपैकी पाता आणि शिसे मिळून २२०० ते २५०० ग्रॅम, म्हणजे निम्म्याहून अधिक भार पाण्याखाली. सुकाणू फार तर ७५ ग्रॅम. कवचात कार्बन वर्ज्य. डोलकाठी ॲल्युमिनियमची किंवा लाकडाची. नियंत्रणे दोनच, एक सुकाणूचे आणि दुसरे शिडांच्या दोरांचे. शिडांचे संच तीन, मंद, मध्यम आणि सोसाट्याच्या वाऱ्यासाठी, आणि त्यांतील मोठ्या शिडाची पुढची कड अनुक्रमे १६००, ११८० आणि ८८० मिलिमीटर. शिडांची मापे अशी बांधून दिल्यावर कल्पकाला मुभा राहिली ती मुख्यतः कवचाच्या आकाराची, आणि वजनाला खालची हद्द घालून दिल्यामुळे त्या मुभेचा उपभोग श्रीमंतालाच घेता येईल अशी स्थितीही राहिली नाही. कारण काळजीपूर्वक बांधलेली देवदारी लाकडाची नौका ४ किलोग्रॅमच्या त्या हद्दीशी सहज येऊन पोहोचते, आणि तीहून हलकी नौका बांधणाऱ्याला उरलेले वजन शिशाचे तुकडे ठेवून भरून काढावेच लागते. झ्वोन्को येलाचिच या क्रोएशियाच्या खेळाडूने विश्वविजेतेपद एकाहून अधिक वेळा मिळविले, आणि नौकेची आकृती रेखणाराही तोच. रेखणारा आणि हाकणारा एकच असणे या वर्गात नवलाचे नाही.

आता खरेदीविषयी. ज्याला हा खेळ आपल्याला रुचतो की नाही एवढेच आजमावावयाचे आहे, त्याने ‘ड्रॅगनफोर्स ६५’ सारखी ६५० मिलिमीटरची तयार नौका घ्यावी. ती पेटीतून निघते, एका संध्याकाळी जुळते, आणि तिच्या वर्गाच्या नियमांनी फेरफारांना जवळजवळ बंदीच घातलेली असल्यामुळे हरणाऱ्याला नौकेवर ठपका ठेवण्याची सोय राहत नाही. परंतु ज्याचा निश्चय झाला आहे, त्याने एक मीटरची नौका घ्यावी आणि ती पहिल्या खेपेस जुनी घ्यावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. घेताना रंगाच्या चकाकीकडे पाहू नये. पाता मागून पाहिला असता डोलकाठीच्या रेषेत आहे काय, कवच व पाता यांच्या सांध्याला चीर आहे काय, आत पाण्याचे डाग आहेत काय, शिडांच्या पातळ फिल्मला घड्या पडल्या आहेत काय, एवढे तपासावे. आणि मोजणीचा दाखला मागावा, कारण दाखल्यावाचूनची नौका कितीही स्वस्त असली तरी शर्यतीत तिला उभे करण्यापूर्वी पुन्हा सर्व मोजणी करून घेण्याचा खटाटोप नव्या धन्याच्या गळ्यात पडतो. बिनतारी यंत्र फार जुने, म्हणजे २७ किंवा ४० मेगाहर्ट्झचे असेल, तर ते बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. त्या काळी दोघांची कंपनसंख्या एकच निघाली तर एकाच्या हुकमाने दुसऱ्याची नौका वळत असे, आणि म्हणून काठावर चिमट्यांची फळी ठेवून कंपनसंख्यांची वाटणी करावी लागे. २.४ गिगाहर्ट्झच्या यंत्रांनी तो तंटा मिटविला.

बांधणी हे प्रकरण अधिक रसाळ आहे. कोकणातील गलबत कण्यावर सुलटे उभे राहते. ही नौका मात्र पालथी जन्मते. एका सपाट, न वाकणाऱ्या फळीवर मधोमध रेषा आखून, आराखड्यावरून कापलेले आडवे साचे ठराविक अंतरावर काटकोनात उभे करावयाचे, आणि त्यांवर देवदाराच्या किंवा बाल्साच्या दोनतीन मिलिमीटर जाडीच्या अरुंद पट्ट्या एकीला एक लावीत जावयाच्या. एका बाजूची पट्टी लावली की लगेच दुसऱ्या बाजूची लावावी, नाही तर लाकडाच्या ओढीने सगळा सांगाडा पिळतो आणि तो पीळ पुढे कोणत्याही उपायाने जात नाही. नाळेकडे पट्ट्या निमुळत्या कराव्या लागतात, आणि तेथे घाई करणाऱ्याच्या हातून फटी राहतात. मग रंधा, मग काचकागद, मग बाहेरून काचतंतूचे पातळ कापड एपॉक्सी राळेत भिजवून बसविणे, साच्यांवरून कवच उतरवून आतूनही तेच करणे. राळ जितकी पुसून काढाल तितके बरे, कारण कापडाला बळ तंतूंनी येते आणि वजन राळेने. पाता बसविताना ओळंबा आणि गुणिया यांवाचून डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. अलीकडे त्रिमितीय मुद्रणयंत्रावर कवच छापून काढणारेही पुष्कळ झाले आहेत. त्यांना इतकेच सांगावेसे वाटते की, या कामाचे नेहमीचे पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सियसला मऊ पडते, आणि आपल्याकडील वैशाखात बंद मोटारीत ठेवलेल्या काळ्या रंगाच्या कवचाला तेवढी ऊब मिळणे मुळीच अवघड नाही.

शिडे मात्र पहिल्यांदा विकत घ्यावी. शीड म्हणजे सपाट कापड नव्हे. फिल्मच्या पट्ट्यांच्या कडा किंचित वक्र कापून त्या चिकटविल्या म्हणजे त्यात जो फुगवटा येतो, तोच नौकेला ओढतो, आणि तो मिलिमीटरच्या हिशेबाने चुकतो. शिवाय इतक्या लांबीच्या नौकेचा पाण्यातील वेग लाटांच्या नियमाने साधारण सव्वा मीटर दर सेकंदाला, म्हणजे चालणाऱ्या माणसाइतका मर्यादित असल्यामुळे, कवचाच्या घोटीव चकाकीने जे मिळते त्याहून कितीतरी अधिक शिडाची दोरी योग्य तितकी सैल सोडल्याने मिळते. नवशिका ती नेहमी फार ताणून धरतो, नौका कलते, थांबते, आणि तो बॅटरीला दोष देतो.

खर्चाची एक सोय सांगून ठेवतो. शिडांचे तिन्ही संच सर्व नौकांना एकाच मापाचे असल्यामुळे, आणि दोर ओढणारी विंच, रिसीव्हर व बॅटरी ही एका कवचातून काढून दुसऱ्यात बसविता येत असल्यामुळे, जुन्या नौकेसाठी मोजलेल्या पैशांतील मोठा हिस्सा पुढे स्वतः बांधलेल्या कवचाच्या कामी येतो. नवे लागते ते लाकूड, राळ, मोजणीदाराची फी आणि हिवाळ्यातील संध्याकाळी.