माळावरची गाडी आणि नोंदणीची चौकट (लेखांक ७)

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये 'ऑफ-रोड वाहन' अशी संज्ञा कोठेही नाही, आणि रस्ता सोडून माळावर, डोंगरात किंवा नदीपात्रात चालवल्या जाणाऱ्या गाड्यांविषयीचा बहुतेक गोंधळ याच एका अभावातून निघतो. कलम २(२८) ने यांत्रिक शक्तीवर चालणारे आणि रस्त्यावर वापरण्याजोगे प्रत्येक वाहन 'मोटार वाहन' या व्याख्येत घेतले असून, रुळांवरून धावणारे वाहन, चारपेक्षा कमी चाकांचे व २५ घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाचे वाहन, आणि केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी घडवलेले विशेष प्रकारचे वाहन एवढ्यांनाच त्यातून वगळले आहे.

'स्वतःच्या शेतात चालवायची तर पासिंग कशाला?' हा प्रश्न पुण्याजवळच्या रावेतपासून मावळापर्यंत सर्रास ऐकू येतो. पासिंग म्हणजे आरटीओत गाडीची तपासणी होऊन तिची नोंद होणे. या प्रश्नाचे उत्तर कलम ३९ च्या शब्दांत आहे, कारण विनानोंदणी गाडी 'सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कोणत्याही ठिकाणी' चालवण्यास ते कलम मनाई करते. तृतीय पक्ष विम्याची सक्ती करणारे कलम १४६ सार्वजनिक ठिकाणापाशी थांबते, तर नोंदणीचे कलम कुंपण ओलांडून शेतातही शिरते, हा फरक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे गाडी कोठे फिरते याआधी ती कशासाठी घडली आहे हे पाहावे लागते. बोलानी ओअर्स खटल्यात (१९७४) सर्वोच्च न्यायालयाने खाणीतले डंपर नोंदणीस पात्र पण आवाराबाहेर न जाईपर्यंत करमुक्त मानले. बोस अब्राहम खटल्यात (२००१) उत्खनक आणि रोड रोलर आवारात उभे असले तरी मोटार वाहनेच होत, असा निर्वाळा दिला.

चार फुगीर चाकांच्या आणि दुचाकीसारख्या हँडलच्या एटीव्हीचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तिच्या टायरच्या कडेला पुष्कळदा 'नॉट फॉर हायवे सर्व्हिस' अशी उठावाची अक्षरे असतात, आणि मालकाने कागदपत्रांच्या आधी तीच वाचावीत हे बरे. टेम्पोवर चढवून ती रावेतहून मावळातल्या शेतघरावर नेली तर ती 'चालवली' जात नाही, केवळ वाहून नेली जाते; तेथे ती कुंपणाच्या आत राहिली तर बंदिस्त आवाराच्या अपवादाचा आधार मागता येतो. पण तीच गाडी पवनेच्या काठावरून पात्रात उतरली की हा आधार सुटतो, कारण नदीचे पात्र महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार शासनाची मालमत्ता आहे आणि त्याला कोणत्याही अर्थाने बंदिस्त आवार म्हणता येत नाही. विनानोंदणी वाहन चालवल्यास कलम १९२ नुसार पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे.

अशी गाडी नंतर नोंदवून घेण्याचा मार्गही बहुधा बंद असतो. नोंदणीच्या अर्जासोबत उत्पादकाचा नमुना २२, म्हणजे वाहन प्रदूषण आणि सुरक्षेच्या निकषांना उतरल्याचा दाखला, लागतो, आणि त्यामागे कोथरूडची एआरएआय किंवा भोसरीची सीआयआरटी यांसारख्या संस्थेने त्या वाहनप्रकाराची चाचणी घेऊन दिलेली प्रकारमान्यता असावी लागते. कावासाकीची केएक्स ही मोटोक्रॉस दुचाकींची मालिका याच कारणाने केवळ बंदिस्त ट्रॅकपुरती विकली जाते.

रावेतच्या इमारतींच्या पायाभरणीवर दिसणाऱ्या जेसीबीची गोष्ट वेगळी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ ने 'बांधकाम उपकरण वाहन' असा स्वतंत्र वर्ग केला असून, ज्याचे मुख्य काम रस्त्याबाहेर आहे आणि जे रस्त्यावर केवळ प्रसंगोपात्त, थोडा वेळ, ताशी ५० किलोमीटरच्या आत चालते, असे वाहन त्यात मोडते. चाकणच्या कारखान्यातला फोर्कलिफ्टही याच यादीत आहे. रस्त्याबाहेरच्या कामाला कायद्याने जागा दिली, रस्त्याबाहेरच्या हौसेला दिली नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने १९७१ मध्ये अशा हौशी वाहनांसाठी वेगळा कायदाच केला आणि रस्त्याच्या नंबरप्लेटऐवजी रंगीत स्टिकरची नोंदणी आणली. तसा मधला खण भारतीय कायद्यात नाही.

नोंदणी झाली तरी सगळी जमीन खुली होत नाही. रावेतच्या वेशीवरील किवळ्याहून सुरू होणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एमएच १४ ची रीतसर पासिंग झालेली दुचाकी किंवा ट्रॅक्टर नेता येत नाही, तर वनजमिनीचा विचार मुळातच आरटीओच्या कक्षेबाहेर आहे. राखीव वनात विनापरवाना शिरणे भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. भीमाशंकरसारख्या अभयारण्यात प्रवेशाचा परवाना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांच्या अधिकारात दिला जातो, आणि पर्यटन हे त्यासाठी मान्य कारण असले तरी परवान्यातल्या अटी पाळाव्याच लागतात.

उरतो तो जीपवर्गातल्या गाड्यांचा प्रश्न. त्या नोंदलेल्या असतात, पण चढणीसाठी त्यांची उंची वाढवली जाते, मोठे टायर आणि लोखंडी बंपर बसवले जातात. कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हिशेब गाडीमागे नसून बदलामागे असल्यामुळे तीन बेकायदा बदल केलेल्या एका गाडीचा आकडा १५,००० वर जातो.