घड्याळातला ‘अभ्यास’

संगणकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली एक चिमुकले घड्याळ असते. त्यातील ‘एएम’ आणि ‘पीएम’ या अक्षरांच्या जागी आपल्याला हवे ते शब्द घालता येतात. विंडोजमध्ये ‘कंट्रोल पॅनेल’, ‘रीजन’, ‘ॲडिशनल सेटिंग्ज’ आणि ‘टाइम’ अशा वाटेने गेले की त्यासाठी दोन चौकटी दिसतात. मी पहिलीत लिहिले ‘अभ्यास’ आणि दुसरीत ‘रंकाळा’.

दिवस मजेत गेला. पण रात्री बारा वाजता अंथरूण घालू लागलो, तो घड्याळ म्हणाले, ‘अभ्यास’! चूक माझीच होती. या अक्षरांमागचे लॅटिन शब्द मध्यान्हापूर्वीची आणि मध्यान्हानंतरची वेळ सांगतात. आपली पहाट, दुपार, तिन्हीसांज त्यांच्या हिशेबी नाही.

आणि तो मध्यान्ह तरी कोल्हापूरचा कुठे आहे? १९०६ साली लागू झालेली भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची. आपले गाव सुमारे सव्वाचौऱ्याहत्तर अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर आपला सूर्य माध्यावर येतो तो सरासरीने १२ वाजून ३३ मिनिटांनी!

तरीही गाड्या आणि परीक्षा सर्वांच्या एकाच वेळेने चालाव्यात, हे योग्यच. आपण शब्द बदलला, तरी संगणकाची आतली मोजणी बदलत नाही. म्हणून ही गंमत निर्धास्तपणे करावी. परीक्षा जवळ आल्यावर मी ‘रंकाळा’ पुसला आणि दोन्ही चौकटींत ‘अभ्यास’ लिहिले. घड्याळाने ते निमूटपणे मानले. मन अजून मानत नाही.