शब्दांच्या मुळाशी – भाग ५ : दिकाइओस

मागच्या भागात ग्रीक नामाची तीन लिंगं पाहिली. आज त्या नामाला लागणारं, रोजच्या वापरातलं विशेषण : दिकाइओस. अर्थ न्यायी, रास्त, सचोटीने वागणारा.

मराठी माणसाला हे विशेषण जड जाऊ नये. चांगला, चांगली, चांगलं; तसंच दिकाइओस, दिकाइआ, दिकाइओन. नामाची विभक्ती बदलली की विशेषणाचीही बदलते. ज्यांनी शाळेत संस्कृत घोकलं, त्यांना हे ओळखीचं वाटेल.

मूळ शब्द 'दिके'. रीत, न्याय, खटला असे त्याचे अर्थ. त्यामागचा धातू 'दाखवणे' या अर्थाचा, आणि संस्कृत 'दिश्' त्याचाच भाऊबंद. दिशा, आदेश, उपदेश ही आपली नेहमीची मंडळी याच घराण्यातली. उलट अर्थ हवा असेल तर आधी 'आ' लावायचा : आदिकोस, म्हणजे अन्यायी. आपल्या 'अन्याय'मधला 'अ' तोच.

आता शेजारचे शब्द. 'आगाथोस' म्हणजे चांगला; त्यात शौर्य आणि कर्तबगारीही येते. 'होसिओस' म्हणजे देवाच्या दृष्टीने शुद्ध. प्लेटोच्या लेखनात भेद स्पष्ट आहे : माणसांशी नीट वागणं दिकाइओसचं, देवांशी नीट वागणं होसिओसचं. 'एउसेबेस' म्हणजे जे पूज्य त्याचा मान राखणारा.

हे भेद नुसते कोशातले नाहीत. 'धर्म' ग्रीकमध्ये कसा सांगायचा, हा प्रश्न आपल्याच उपखंडात दोनदा सोडवला गेला. कंदाहारला 1958 मध्ये सापडलेल्या अशोकाच्या ग्रीक-अरामी लेखात धम्मासाठी 'एउसेबेस'वरून आलेलं 'एउसेबेइआ' आहे. तिथे विषय प्राणिहत्या टाळण्याचा, आईवडिलांचं ऐकण्याचा. पुढे मिनँडर या ग्रीक राजाच्या काही नाण्यांवर एका बाजूला ग्रीकमध्ये 'दिकाइउ', म्हणजे 'न्यायी राजाचं', आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठीत 'ध्रमिकस' आलं. उपदेशाला एक शब्द लागला, राज्यकारभाराला दुसरा.

'ध्रमिकस'मधला शेवटचा 'स' षष्ठीचा, आपल्या 'चा-ची-चे'चं काम करणारा. जुन्नर-आंबेगावच्या वाचकांना तो घराजवळ वाचता येईल. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे तीन ब्राह्मी लेख आहेत. इरिलाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दिल्या, चिटाने शिवनेरीवर संघासाठी भोजनमंडप दिला आणि चंदाने मानमोडीच्या भूत लेण्यात गर्भद्वार. तिन्ही लेखांची सुरुवात 'यवनस' अशी. 'यवन' हा शब्द ग्रीकांसाठी आला आणि पुढे पश्चिमेकडच्या इतर परदेशीयांनाही लागला. या दात्यांनी आपल्या दानाला नाव दिलं ते प्राकृतातलं : 'देयधम'. त्यांच्यापुढे कातळावर ग्रीक प्रतिशब्द शोधण्याची वेळच आली नाही. धम्म हा शब्द त्यांनी जसाच्या तसा घेतला.

म्हणून दिकाइओस पाठ करताना समोर एकच मराठी अर्थ लिहू नका. 'आदिकोस', 'होसिओस', 'एउसेबेस' हे शब्द त्याच्यासोबत एका ओळीत मांडा आणि प्रत्येकापुढे तसा माणूस कोणाशी कसं वागतो ते लिहा. शब्द पक्का होतो तो असा.

पुढील भागात : 'कालोस', सुंदर की चांगला?