लाल डोळे आणि ती छोटी बाटली

सबमिशनसाठी जागून डोळे लाल झाले की होस्टेलमध्ये ड्रॉप्सची एकच बाटली चार रूम फिरते. तिचं लेबल कधी वाचलंय? डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. लाली पटकन जाते, म्हणून सगळ्यांना ते भारी वाटतं.

मी मेकॅनिकलची, त्यामुळे मला हे पाइपलाइनसारखं समजलं. डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि बारीक जाळीतून निचरून जातं. म्हणून आतलं प्रेशर साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा राहतं. स्टेरॉइड काही आठवडे चालू राहिलं तर काहींच्या डोळ्यातला हा निचरा तुंबतो, प्रेशर चढतं आणि दृष्टीची नस खराब होते. हाच काचबिंदू. बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून कळतही नाही. स्टेरॉइडने मोतीबिंदूही होतो, पण तो ऑपरेशनने काढता येतो. काचबिंदूत गेलेली नजर मात्र परत येत नाही.

डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड जरूर घ्या, मनाने बंदही करू नका. फक्त प्रेशर तपासायला वेळेवर जा. पण जुन्या चिठ्ठीवर किंवा रूममेटच्या बाटलीवर डोळ्यांचा प्रयोग नको. डोळ्यांना एटीकेटी नसते!