संगणक घरचा, डोळे आपले!

संगणक आता नागऱ्यासारख्या गावातल्या घरांतही पोहोचला आहे. मुले त्यावर अभ्यास करतात, मोठी माणसे सातबारा पाहतात, अर्ज भरतात. त्याबरोबर दवाखान्यात एक तक्रारही वाढली आहे. "डॉक्टर, संध्याकाळी डोळे जळजळतात, डोके दुखते, मान आखडते." अशा वेळी अनेकजण परस्पर दुकानातून डोकेदुखीची गोळी आणतात. पण पुष्कळदा औषध संगणकातच असते.

आधी कारण समजून घेऊ. एरवी आपण मिनिटाला सुमारे १५ वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे एकटक पाहताना हे प्रमाण ५ ते ७ पर्यंत उतरते. डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर सुकतो आणि जळजळ सुरू होते. शिवाय चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते. मग माणूस मान पुढे काढून वाचतो आणि मान दुखते.

आता उपाय पाहू.

अक्षर मोठे करा. इंटरनेटवरील पान वाचताना कंट्रोलची कळ दाबून अधिक चिन्ह दाबावे. सगळीकडेच अक्षर मोठे हवे असल्यास पडद्याच्या मोकळ्या जागी माऊसचे उजवे बटण दाबून 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडावे आणि 'स्केल' १२५ टक्के करावे. काहीजण त्याऐवजी 'रिझोल्यूशन' कमी करतात. त्याने अक्षर मोठे होते, पण पुसट होते. ते 'रेकमेंडेड' असे लिहिलेलेच ठेवावे. मराठीत वेलांट्या, रफार, जोडाक्षरे असल्याने इंग्रजीपेक्षा थोडे मोठेच अक्षर लागते.

उजेड जुळवा. पडद्याशेजारी पांढरा कागद धरा. पडदा दिव्यासारखा झगझगत असेल तर 'ब्राइटनेस' कमी करा, मळकट दिसत असेल तर वाढवा. खिडकी पाठीमागे किंवा समोर नको, बाजूला असावी.

'नाइट लाइट' कशासाठी? विंडोजमध्ये २०१७ पासून असलेली ही सोय रात्री पडदा पिवळसर करते. डोळ्यांना बरे वाटत असेल तर जरूर वापरा. मात्र निळ्या प्रकाशाची फार धास्ती घेऊ नका. तो अडवणाऱ्या महागड्या चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असे २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले नाही. ते पैसे नंबर तपासून घेण्यावर खर्च करा. झोपेसाठी तर संगणक वेळेवर बंद करणे हाच उत्तम उपाय.

गजर लावा. संगणकातील 'क्लॉक'मध्ये २० मिनिटांचा टायमर लावावा. तो वाजला की २० सेकंद २० फुटांपलीकडे, अंगणातल्या झाडाकडे म्हणा, पाहावे आणि चार-सहा वेळा पापण्या पूर्ण मिटाव्यात.

मराठी टंकलेखन जास्त असेल तर 'इन्स्क्रिप्ट' शिका. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असल्याने श्रम दोन्ही हातांत वाटले जातात. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून मराठी-इंग्रजी बदलता येते.

पडदा हातभर अंतरावर, त्याची वरची कड नजरेच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. दुहेरी नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी तो आणखी खाली घ्यावा, म्हणजे हनुवटी वर करावी लागणार नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलरचा झोत तोंडावर घेऊन बसू नये, डोळे अधिक सुकतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे सर्व करून दोन-तीन आठवड्यांत आराम पडला नाही तर डोळे तपासून घ्या. मधुमेह असणाऱ्यांनी तक्रार नसली तरी वर्षातून एकदा पडदा, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, तपासलाच पाहिजे. अचानक अंधुक दिसणे, डोळा लाल होऊन ठणकणे, दिव्याभोवती वलये दिसणे किंवा वीज चमकल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाल्यास संगणकाला दोष देत घरी बसू नका. त्याच दिवशी गोंदियाला नेत्रतज्ज्ञांकडे जा. दुकानातून मनाने डोळ्यांचे थेंब आणू नका. त्यांत स्टेरॉइड असल्यास काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही.

संगणक बिघडला तर नवा घेता येतो. डोळ्यांचे तसे नाही.